मान वळवायची नाही

थॉर्न फोर्कच्या प्रेसबिटेरियन चर्चमध्ये मत देताना मान वळवायची नसते. हा नियम बायबलात शोधायला जाऊ नका, सापडायचा नाही. तो आला एका ऑर्गनमुळे.

अठराशे चौऱ्याऐंशीपर्यंत तिथे वाद्य नव्हतं. एकाने पुढे उभं राहून दावीदाच्या स्तोत्राची ओळ सांगायची आणि बाकीच्यांनी ती जमेल त्या सुरात ओढायची, ही रीत बापजाद्यांनी स्कॉटलंडहून आयर्लंडला आणि आयर्लंडहून पेनसिल्व्हेनियाच्या या टेकड्यांत आणली होती. मग पिट्सबर्गला पैसा कमावलेल्या कुणा विधवेने पायांनी भाता मारायचा ऑर्गन पाठवून दिला आणि अख्ख्या पंचक्रोशीत फूट पडली. निम्मे म्हणाले देवाची देणगी, निम्मे म्हणाले सैतानाची शिट्टी. उभं राहून मतं घेतली, आणि कोण कोण उभं आहे ते बघायला प्रत्येकाने मान वळवली. तिथेच घात झाला. पॅटन घराण्यातले दोन सख्खे भाऊ एकाच कुंपणाला दोन बाजूंनी खांब ठोकत म्हातारे झाले, पण एकमेकांशी बोलले नाहीत. थोरला मेला तेव्हा धाकटा अंत्ययात्रेत चालला खरा, पण रस्त्याच्या दुसऱ्या कडेने. हरलेल्यांनी ओढ्यापलीकडे आपलं वेगळं चर्च बांधलं आणि दर रविवारी दोन घंटा एकमेकींवर खेकसू लागल्या. पुढे त्या चर्चवर वीज पडली. हळहळायला ओढ्याच्या अलीकडच्यांनी जरा वेळच घेतला म्हणतात.

त्यानंतर शहाणपण सुचलं. ठरलं असं की, ज्यांना बदल हवा त्यांनी उभं राहायचं, ज्यांना आहे तेच हवं त्यांनी बसून राहायचं, आणि सगळ्यांनी नाकासमोर बघायचं. कोण उभं आहे ते फक्त पाळकाने पाहायचं आणि निकाल सांगून गप्प बसायचं. आता उभं राहण्यापेक्षा बसणं केव्हाही सोपं. त्यामुळे ऑर्गननंतर थॉर्न फोर्कात काही बदललं असेल तर ते विजेचे दिवे, आणि त्यांच्यासाठीसुद्धा सभा दोनदा भरवावी लागली.

हा सगळा इतिहास आर्डिस गिलफिलन ऑगस्टच्या उकाड्यात स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून लिहून काढत होती. चर्चला पावणेदोनशे वर्षं होत होती. त्यासाठी येत्या रविवारी गावोगाव पांगलेली माणसं यायची होती, झाडांखाली जेवण व्हायचं होतं आणि इतिहास वाचला जायचा होता. वाचणार कोण? आर्डिस. फुलं ठेवणार आर्डिस, हिवाळ्यात शेगडी पेटवणार आर्डिस, तीस वर्षं ऑर्गन वाजवणारी आर्डिस. ज्या बैलाला ओढायची सवय असते त्याच्याच मानेवर जू येतं, तसं तिचं झालं होतं. रॉय, तिचा नवरा, उतारावर ट्रॅक्टर उलटून गेला, तेव्हापासून ती सासऱ्याबरोबर त्या शेतघरात राहत होती. शेत शेजाऱ्याला करायला दिलं होतं. मूलबाळ नव्हतं.

त्यात ती एल्डरही होती. एल्डर म्हणजे मंडळीचा कारभार पाहणारे वडीलधारे. त्यांना नेमतात ते जन्मभरासाठी. राजीनामा नाही, रजा नाही. एके काळी बारा होते, आता दोनच उरले होते, आर्डिस आणि तिचा सासरा आयरा. बाकीचे दहा चर्चच्या आवारातच मुक्कामाला होते, दगडांखाली. आणि दोन एल्डर नसतील तर मंडळी चालत नाही. दोघांपैकी एक जरी हलला तरी दाराला कुलूप.

तसं दाराला कुलूप लागायला बाकी काय राहिलं होतं? रेल्वेचा थांबा गेला, चीजचा कारखाना गेला, शाळा गेली. पोरं पिवळ्या बसमधून शहरात शिकायला जायची आणि मोठी झाली की परतीची बस चुकवायची. पलीकडचा डोंगर कोळसा काढणाऱ्या यंत्रांनी वरून सोलून काढला होता. रविवारी बाकांवर मोजकी पांढरी डोकी, आणि तीन चर्चं एकटा सांभाळणारा तरुण पाळक होल्कम, जो आमेन म्हणता म्हणता घड्याळ बघायचा. त्यालाच वरच्या सभेने कळवलं होतं की, वर्धापनाच्या दिवशी मत घ्या. चर्च चालू ठेवायचं की बंद करून शहरातल्या मंडळीत सामील व्हायचं, ते सभासदांनी ठरवावं.

आर्डिसला बंद हवं होतं. हे तिने एकाच माणसाला सांगितलं होतं, आणि तो मेथडिस्ट होता, म्हणजे दुसऱ्याच पंथाचा.

मर्ल शॅफर रेल्वेत सिग्नलवर होता, आता निवृत्त झाला होता. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एरी सरोवराच्या काठी त्याने छोटं घर घेतलं होतं आणि पानं गळायच्या आत तिथे जायचं ठरवलं होतं. आर्डिसने बरोबर यावं, लग्न करून यावं, असं त्याने गेल्या वसंतात साध्या शब्दांत विचारलं होतं.

"तुमच्या चर्चची तऱ्हाच न्यारी," तो म्हणायचा. "आत यायला बाप्तिस्मा पुरतो, बाहेर पडायला शवपेटीच लागते."

"थट्टा नको करू. मी गेले तर बंद पडेल ते."

"पडू दे की. मी थांबेन गं, आर्डिस. पण माझं वय थांबत नाही ना."

ती हसायची, आणि घरी येऊन भांडी घासताना रडायची. एकसष्टाव्या वर्षी कुणीतरी आपली वाट बघतंय, याने तिला लाजल्यासारखं व्हायचं आणि ते हवंहवंसंही वाटायचं. पण सासऱ्याचा चेहरा डोळ्यांपुढे आला की पाय जमिनीत रुतायचे. आयरा गिलफिलन, वय अठ्ठ्याऐंशी. पहिल्या लाकडी चर्चचे ओंडके ज्यांनी तोडले त्यांचा पणतू. चर्च बंद झालं तर म्हातारा महिना काढणार नाही, अशी तिची खात्री होती.

रविवारच्या आधी गुरुवारी ती ॲपल पायसाठी सफरचंदं सोलत होती आणि आयरा समोर बसून शेंगा सोलत होता. दोन्ही डोळे जवळजवळ गेले होते. उजेड-अंधार एवढंच कळायचं. पण बोटांना सगळं दिसायचं.

"पॉप, तुमच्याशी बोलायचं होतं."

"मर्लबद्दल?"

तिच्या हातातली सुरी थांबली.

"डोळे गेलेत, पोरी, कान नाही गेले. त्याच्या गाडीचा ब्रेक वर्षभर आपल्या फाटकाशी येऊन किंचाळतोय. मेथडिस्ट तो! गाणी म्हणेल, पण ब्रेक दुरुस्त करणार नाही."

"त्याने लग्नाचं विचारलंय."

"मग? काय सांगितलंस?"

"काय सांगणार! चर्च आहे म्हटलं, पॉप आहेत म्हटलं."

"आधी चर्च, मग पॉप. चांगली प्रेसबिटेरियन आहेस." आयराने एक शेंग फोडली आणि दाणे वाडग्यात टाकले. "तुला एक सांगू का? रॉय गेला ना, त्याच वर्षी मी दार बंद करणार होतो. माझ्यापुरतं ठरलंच होतं. पण तू दर शनिवारी जाऊन त्या ऑर्गनवर बसायचीस. म्हटलं, पोरीला तेवढाच आधार आहे, तो कशाला हिसकावा."

"माझा आधार?" आर्डिसने सुरी खाली ठेवली. "अहो पॉप, मी तुमच्यासाठी बसायचे! मला वाटायचं, चर्च गेलं तर तुम्ही..."

"मरेन?"

"हो."

"मला ओहायोला जायचंय गं. व्हर्नाकडे. माझी लेक किती वर्षं बोलावतेय. तिच्या घरात भिंतीतून ऊब येते, पतवंडं अंगाखांद्यावर खेळतात. आणि मी इथे त्या गारठलेल्या बाकावर बूड टेकून बसलोय, का, तर सुनेला वाईट वाटेल."

दोघं हसले. हसता हसता आर्डिसला रडू फुटलं, आणि तिने ते ॲप्रनने पुसलंही नाही, कारण समोरच्याला दिसणारच नव्हतं. अकरा वर्षं दोघांनी एकमेकांना कोंडून ठेवलं होतं आणि दोघांचीही समजूत अशी की आपण दुसऱ्याला सोबत करतोय. तिला संताप आला, मोकळंही वाटलं. कुणावर संतापावं ते मात्र कळेना.

"मग तुम्ही तसेच का नाही निघून गेलात, व्हर्नाकडे?"

"दार उघडं असताना एल्डर जात नाही. माझा बाप गेला नाही, त्याचा बाप गेला नाही. दार लागलं की मात्र मी मोकळा, आणि तूही." तो पुन्हा शेंगांकडे वळला. "रविवारी उभे राहू. दोघंही."

"तुमचे गुडघे?"

"गुडघ्यांचं मी बघतो. तू तुझं बघ."

त्या रात्री आर्डिसला कित्येक वर्षांनी गाढ झोप लागली.

रविवारी आवार माणसांनी फुललं. परराज्यांतल्या नंबरांच्या गाड्या, नवे हॅट, आजोबांचे दगड शोधत पळणारी पोरं. उपासनेनंतर आर्डिस इतिहास वाचायला उभी राहिली. तिने वाचलं, पहिल्या हिवाळ्यात अकरा कुटुंबांनी ओंडक्यांचं चर्च उभारलं, त्याला शेगडी नव्हती आणि प्रवचन दोन तासांचं असे. तिने वाचलं, ओकच्या राईत उघड्यावर प्रभुभोजन व्हायचं आणि ज्याचं वर्तन बरं त्यालाच एल्डर शिशाचं छोटं नाणं द्यायचे. ते दाखवल्याशिवाय भाकरीच्या मेजाशी जागा नाही. ऑर्गनच्या भांडणावर लोक पोट धरून हसले. साथीत गेलेल्यांची नावं वाचताना कुणी हाललं नाही.

लिहिताना तिला शेवट सुचेना, म्हणून तिने असल्या इतिहासांचा जसा शेवट असतो तसा केला होता. "वादळं आली, युद्धं आली, माणसं गेली. पण पावणेदोनशे वर्षांत एकही रविवार हे दार बंद राहिलेलं नाही. ते आजही उघडं आहे." वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि तिच्या कानांना ते परकं वाटलं. पण लोकांचे डोळे भरून आले होते. शिकागोहून आलेल्या एका उंच माणसाने टाळ्या वाजवायला सुरुवात केली, आणि या चर्चमध्ये कधी न वाजलेल्या टाळ्या वाजल्या. आर्डिस कशीबशी ऑर्गनच्या बाकड्यावर जाऊन बसली.

मग पाहुण्यांना बाहेर झाडांखाली पाठवलं. आत उरले सभासद, पंधराही नसतील, आपापल्या घराण्याच्या बाकांवर विखुरलेले. गिलफिलनांचा बाक सगळ्यांत मागे, शेगडीजवळ. तिथे आयरा एकटाच बसला होता.

होल्कमने घसा साफ केला. "तुम्हा सगळ्यांना विषय माहीत आहे. चर्च बंद करून शहरातल्या मंडळीत सामील व्हावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी उभं राहावं. बाकीच्यांनी बसून राहावं. नजर समोर, आपल्या रीतीप्रमाणे."

आता या रीतीत एक भोक होतं आणि ते इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तो ऑर्गन जिंकला तेव्हा त्याला मानाची जागा मिळाली होती, व्यासपीठाच्या शेजारी, वाजवणाऱ्याचं तोंड लोकांकडे होईल अशी. नाकासमोर बघणाऱ्या सगळ्यांच्या नजरेत पाळक होता आणि त्याच्या बाजूला, सगळ्यांना दिसेल अशी, आर्डिस होती.

मागे बाक करकरला. तो बाक नेहमीच करकरायचा, कुणी लक्ष दिलं नाही. आर्डिसला मात्र दिसलं. आयराने एक हात पुढच्या बाकाच्या पाठीवर टेकवला, दुसरा मांडीवर, आणि उठायला सुरुवात केली. अर्ध्यावर तो थांबला, श्वास घेतला, आणि मग पुरता उभा राहिला. हनुवटी वर. न दिसणारे डोळे थेट तिच्या दिशेने.

ऊठ, ती स्वतःला म्हणाली.

समोरच्या बाकावर झेल्मा पॅटनचे डोळे अजून ओले होते, त्या टाळ्यांनी ओले झालेले. तिच्या शेजारी तिचा नवरा ड्वाइट, गुडघ्यांवर हात ठेवून. आत्ता, पाच मिनिटांपूर्वी, दार आजही उघडं आहे असं याच तोंडाने सांगितलं, आणि आता याच तोंडाची बाई उठून म्हणणार, लावा ते? काय म्हणतील? मेथडिस्टासाठी चर्च विकलं म्हणतील. म्हातारपणी घोडनवरी व्हायचे डोहाळे लागले म्हणतील. रॉय पलीकडच्या खिडकीबाहेर पुरलेला होता. पडदा बाजूला केला असता तर दगड दिसला असता.

तिने पाय जमिनीवर रोवले. ऑर्गनच्या कडेला बोटांनी गच्च धरलं. उठायचं होतं, देवाशप्पथ उठायचं होतं. बाकड्यावरून बूड उचलायचं, एवढंच तर काम. पॉप उभे होते. सगळे समोर बघत होते. तिच्याकडे बघत होते.

होल्कम थांबला. गरजेपेक्षा जास्तच थांबला. त्याने एकदा मागच्या बाकाकडे पाहिलं आणि मग मान किंचित वळवून आर्डिसकडे. त्याच्या नजरेत विनवणी होती. तिने स्तोत्रांचं पुस्तक उघडलं आणि त्यात पाहिलं.

"ठराव नामंजूर," होल्कम हळू आवाजात म्हणाला. "चर्च चालू राहील. देवाचे आभार."

मागे बाक पुन्हा करकरला.

बाहेर झाडांखाली हॅम कापला जात होता, सायीत शिजवलेले बटाटे वाफाळत होते, माश्या हाकलत बायका ॲपल पाय वाढत होत्या. झेल्माने आर्डिसला कॉफीच्या मोठ्या किटलीशी गाठलं आणि कोपर धरून बाजूला ओढलं.

"झालं एकदाचं. कुणीच उठलं नाही ते बरंच झालं बाई. म्हाताऱ्याचं मन मोडलं असतं." मग तिने आवाज खाली आणला. "खरं सांगू? मला उठायचं होतं. ड्वाइटलाही. ती शेगडी, तो बर्फ, आता झेपत नाही गं. शहरातलं चर्च कसं, गाडीतून उतरलं की आत. तिकडे ते स्ट्युअर्ट, तेसुद्धा कालच म्हणत होते."

"मग का नाही उठलात?"

"तुझ्याकडे बघत होतो ना सगळे! म्हटलं, आर्डिस उठली तर उठायचं. तू बसलीस, मग आम्ही काय म्हणून उठणार? ज्या बाईने जन्म घालवला इथे तिच्यापुढे आम्ही कोण!" झेल्माने तिचा दंड थोपटला. "तुझी निष्ठा मोठी बाई. आमच्यात नाही तेवढी."

आर्डिसला वाटलं तिच्या थोबाडीत द्यावी. मग वाटलं, तिच्या गळ्यात पडावं. तिने किटली उचलली आणि एका पाहुण्याच्या कपात कॉफी ओतली, ती कप भरून बशीत येईपर्यंत.

मर्ल दूर, आपल्या गाडीला टेकून उभा होता. परक्या चर्चच्या पंक्तीत बसायचा तो नव्हे. ती त्याच्याकडे गेली तेव्हा त्याने हॅट काढला.

"मग?"

"चालू राहणार."

"तू उभी राहिलीस?"

त्याच्याशी खोटं बोलणं तिला जमलं नाही. "नाही."

मर्लने हॅट कडेने धरून बोटांत पुरा एक फेरा फिरवला. तो चिडला नाही, तेच वाईट होतं.

"उद्या परत मत घेतलं तर राहशील?"

तिने तोंड उघडलं. मागून कुणीतरी हाक मारली, आर्डिस, साखर संपली, आणि ती म्हणाली, "आले हं." मर्लने मान हलवली, डोक्यावर हॅट ठेवला आणि गाडीचं दार उघडलं. ती साखर आणायला गेली. फाटकाशी ब्रेक किंचाळला तेव्हा तिच्या हातात चमचा होता, आणि ती साखरेचं भांडं भरत राहिली.

दुपार कलल्यावर तिने आयराला हाताला धरून गाडीत बसवलं. तो दमला होता, गुडघे चोळत होता, पण चेहरा पोरासारखा खुलला होता. चर्च, दगडांचं आवार, सोलून काढलेला डोंगर, सगळं मागे पडलं.

"हरलो ना आपण," तो म्हणाला.

"हो, पॉप."

"हरकत नाही. मंडळी म्हणते राहा, तर राहू. मरेपर्यंत एल्डर म्हणजे मरेपर्यंत." मग तो तिच्याकडे वळला. "किती जण उभे होते गं? पाळकाने सांगितलंच नाही."

रस्ता सरळ होता. आर्डिसने दोन्ही हातांनी चाक धरलं.

"आपण दोघंच, पॉप."

त्याने चाचपडत तिचा हात शोधला आणि त्यावर आपला हात ठेवला.

"मग वाईट नाही वाटत," तो म्हणाला. "मला रात्रभर हीच धास्ती होती, की माझे गुडघे ऐनवेळी दगा देतील आणि पोरीला एकटीलाच उभं राहावं लागेल."